तामाएचा दहावा टोला

नागुरा तामाए आयुष्यात किती कुस्त्या हरली, ते तिला विचारण्यात अर्थ नव्हता. "जिंकलेल्या विचार," ती म्हणायची, "त्या पाठ आहेत."

मी तिच्याच तुकडीतली. १९७६ च्या वसंतात चारशे मुलींनी कुस्तीच्या कंपनीची चाचणी दिली, त्यातल्या सात घेतल्या. तीनशे बैठका, दोरीवरच्या उड्या आणि शेवटी डोकं जमिनीला टेकवून मानेवर शरीर तोलायचं. तामाए माझ्या शेजारीच होती. तिच्या हातांना माकुळाचा वास यायचा. तिची आई हाचिनोहेच्या बंदरात माकुळं साफ करायची, आणि शाळा सुटली की तामाएही तेच करायची. मी म्हटलं, "जरा लांब बस गं." ती म्हणाली, "कुस्तीत काय करशील? नाक धरून लढशील?" तिथून आमची मैत्री झाली. मैत्री म्हणजे काय, सात जणींना एक खोली आणि सात गाद्या. भांडण करायलाही जागा नव्हती.

कंपनीचे नियम तीन. दारू नाही, सिगारेट नाही, पुरुष नाही. चौथा नियम कागदावर नव्हता, पण तोच खरा होता: पंचविशीनंतर नाही. पंचवीस वर्षांची झाली की निरोपाची कुस्ती व्हायची, मग ती मुलगी रिंगच्या मधोमध उभी राहायची, सगळा हॉल उभा राहायचा आणि घंटेचे दहा टोले पडायचे. आमच्यात कोणी मेलं तरी दहाच टोले देतात. एकदा ते पडले की पुन्हा रिंगमध्ये पाय ठेवायचा नाही. आता या बाबतीत सगळा आनंदीआनंद आहे, एकेक जण चार-चार वेळा निवृत्त होते आणि दर वेळी रडते. तेव्हा तसं नव्हतं.

ते टोले मी द्यायचे. एकोणिसाव्या वर्षी माझा गुडघा गेला. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण कुस्ती संपली. आमचे मालक ओनोदेरासाहेब म्हणाले, "गावी जाऊन काय करणार? बस घंटेपाशी." उपकारच होते, आणि ते उपकार असल्याची आठवणही साहेब मला अधूनमधून करून द्यायचे.

तामाए तिसऱ्या नंबरची कुस्ती लढायची. पहिल्या दोन नव्या पोरींच्या, शेवटच्या तीन नावाजलेल्यांच्या. तिसरी लागली की लोक उठून लघवीला जायचे, नाहीतर सुकी माकुळं आणायला. ती गोड दिसत नव्हती, गाणं म्हणत नव्हती, लोकांनी शिव्या घालाव्यात इतकी दुष्टही वाटत नव्हती. तिला एकच गोष्ट यायची. समोरची पोर कालची असली तरी तामाएला तिने उचलून टाकलं की ती पैलवान दिसायची. आम्हा आतल्या लोकांना ते कळायचं. बाहेरच्यांत ते कळणारा माणूस एकच होता, कावागुचीचा उसामि नावाचा न्हावी.

हा उसामि दर सोमवारी दुकान बंद ठेवून कुस्त्यांना यायचा आणि तामाएचं नाव पुकारलं की निळ्या कागदी फिती फेकायचा. फितीची गुंडाळी असते ना, तिच्या मधली पुठ्ठ्याची नळी आधी काढून टाकावी लागते. नाहीतर फेकलेली गुंडाळी लागून पैलवानाचा डोळाच फुटायचा. आळशी लोक तशाच फेकतात. उसामि घरी बसून एकेक नळी काढायचा आणि फीत हाताने पुन्हा सैल गुंडाळायचा. तिसऱ्या कुस्तीला फिती फेकणारा तो एकटाच, म्हणून रिंगमध्ये पाच-सहा निळ्या रेघा पडायच्या आणि बाकी सगळं ओकंबोकं.

१९८५ च्या फेब्रुवारीत सेत्सुबुनच्या सणाला नेहमीप्रमाणे भाजलेले सोयाबीन आले. भुतं पळवायला ते घरभर फेकून झाले की ज्याने त्याने वयाइतके दाणे खायचे. आमच्याकडे ते दाणे ओनोदेरासाहेब स्वतः मोजून प्रत्येकीच्या तळहातावर ठेवायचे. त्यांना त्यात मजा वाटायची. तामाएच्या हातावर शेवटचा दाणा ठेवताना ते जरा थांबले.

"पंचवीस," ते म्हणाले. "झालं की गं तुझं."

"साहेब, पोट भरलं नाही अजून."

"मग लग्न कर. नवरा खाऊ घालेल."

सगळ्या हसल्या. तामाएही हसली. संध्याकाळी स्वयंपाकघरात ती कोबी चिरत होती आणि मी भात धूत होते. वीस जणींचा भात म्हणजे हात गारठून जायचे.

"फुसा," ती म्हणाली, "मला आत्ता कुठे पडता यायला लागलंय."

"नऊ वर्षं पडतेच तर आहेस."

"नऊ वर्षं आपटत होते. पडणं वेगळं. परवा त्या इवात्सुकीने मला वरून सोडलं ना, तेव्हा मला हवेतच कळलं कुठला खांदा आधी टेकवायचा ते. आधी कधी कळलं नव्हतं. आणि आता म्हणे जा."

"सगळ्याच जातात."

"सगळ्यांना जायचं असतं. मला नाहीये."

माझं तर एकोणिसाव्या वर्षीच संपलं होतं, मी तिला काय समजावणार? खरं सांगायचं तर मला तिचा रागच आला. सहा वर्षं जास्त मिळाली होती की तिला.

निरोप मार्चमध्ये ठेवला, कावागुचीच्या नगरपालिकेच्या व्यायामशाळेत. माझी टोले द्यायची पद्धत ठरलेली होती. टेबलावर दहा दाणे मांडायचे, सोयाबीन नाहीतर जे हाताशी असेल ते. टोला द्यायचा, डाव्या तळहाताने घंटा दाबून आवाज थांबवायचा आणि एक दाणा डावीकडे सरकवायचा. आवाज आपोआप विरेपर्यंत थांबलं तर फार वेळ जातो आणि साहेबांना घाई असायची, कारण हॉल तासावर घेतलेला. डोक्यात मोजण्याच्या भानगडीत मी पडत नसे. डोकं भलतीकडे जातं, दाणे जात नाहीत, अशी माझी समजूत होती.

त्या दिवशी टेबलाचा एक पाय तोकडा होता. टेबल डुगडुगत होतं. कुस्ती झाली, तामाए हरली, मग रिंगच्या मधोमध येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती. शिक्षा ऐकायला उभं केलेल्या मुलीसारखं तोंड करून ती समोर बघत होती. हॉल उभा राहिला. मी टोले द्यायला लागले. टोला, तळहात, दाणा. माझी नजर तिच्यावर होती. उजवीकडचे दाणे संपले तशी मी हातोडी खाली ठेवली. निवेदकाने तिचं नाव शेवटचं पुकारलं. उसामिच्या फिती मात्र आल्या नाहीत.

त्याऐवजी त्याचा आवाज आला. "अहो, नऊच झाले! एक टोला राहिला!"

लोक आधी दचकले, मग हसायला लागले. कोणी म्हणालं दहा, कोणी म्हणालं नऊ. साहेब पडद्याआडून माझ्याकडे बघत दातओठ खात होते. मी टेबलाकडे पाहिलं. डावीकडे नऊ दाणे होते.

दहावा दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. माझ्या बुटात होता. टेबल डुगडुगलं तेव्हा घरंगळला असणार. मी तो तामाएला दाखवला, दुसऱ्या कोणाला नाही. ती सामान बांधत होती. तिने तो दाणा दोन बोटांत धरून कितीतरी वेळ बघितला, मग खिशात टाकला, बांधलेलं सामान सोडलं आणि झाडू घेऊन तालीम झाडायला लागली.

दहा वाजता साहेब आले.

"नागुरा, तू अजून इथे? तुझा काल निरोप झाला."

"नऊच झाले, साहेब."

"मग दहावा आत्ता देऊ. फुसा, आण गं घंटा."

घंटा मागच्या खोलीतच होती. मी म्हटलं, "ट्रकबरोबर पुढच्या गावी गेली, साहेब. उत्सुनोमियाला." आयुष्यात मी साहेबांशी पहिल्यांदाच खोटं बोलले. कुठून धीर आला कोण जाणे.

"आणि असती तरी काय उपयोग?" तामाए झाडता झाडताच म्हणाली. "टोला लोकांसमोर देतात. तुमच्या ऑफिसात वाजवलात तर शाळा सुटल्यासारखं वाटेल."

साहेब माझ्याकडे वळले. "हे तू मुद्दाम केलंस."

"नाही, साहेब. बावळटपणा केला."

"तो तर तू रोजच करतेस," ते म्हणाले आणि निघून गेले. मी खरं सांगितलं होतं. आजवर यावर कोणी विश्वास ठेवलेला नाही. लोकांना वाटतं मी मैत्रिणीसाठी केलं. तेवढी मी शूर असते तर आणखी काय हवं होतं?

ओनोदेरासाहेबांचं कसं, राग आला तरी धंदा सुटायचा नाही. कुस्तीच्या साप्ताहिकात या प्रकारावर चार ओळी आल्या आणि तिकिटांची चौकशी करणारे फोन सुरू झाले. आठवड्यात पोस्टर लागलं: 'नागुरा तामाए, दहावा टोला'. त्यात एक कुस्ती आणि मग टोला. तिसऱ्या कुस्तीची बाई पहिल्यांदा शेवटच्या कुस्तीला उभी राहिली. लघवीला कोणी गेलं नाही. तामाए त्या रात्री इतकी सुरेख पडली की माझी सवयीची नजरही खिळली. मग ती मधोमध उभी राहिली, मी एकच दाणा मांडला, हातोडी उचलली.

"वाजवू नको!" उसामि ओरडला. मग सगळा हॉलच ओरडायला लागला, "वाजवू नको!"

साहेबांनी गर्दीकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या लोकांकडे पाहिलं आणि मला हाताने खूण केली, राहू दे.

मग आठ महिने तेच चाललं. दर गावी पोस्टर, दर गावी कुस्ती, दर गावी मी हातोडी उचलायची आणि लोकांनी ओरडायचं. पहिल्या गावांना ते मनापासून ओरडायचे. पुढे पुढे ते ओरडायलाच यायला लागले. डिसेंबरात सेंदाईला काही टवाळ पोरं "वाजव एकदाचा, बस चुकेल!" म्हणाली आणि हॉल हसला. साहेबांनी त्याच रात्री ठरवलं, नव्या वर्षात पहिल्याच कार्यक्रमाला टोला द्यायचा.

तामाए मला म्हणाली, "वाजवशील?"

"पगार घेते मी."

"मला वाटलंच," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. दुसऱ्या दिवशी गादी घडी करून, सगळ्यांना वाकून नमस्कार करून ती निघून गेली. साहेब म्हणाले, "न वाजवता गेली म्हणजे पळाली. कोणी उभं करणार नाही तिला." मी ते ऐकून घेतलं. याची लाज मला अजून वाटते.

दोन वर्षं खरंच कोणी उभं केलं नाही. कावागुचीला स्टेशनमागे तिने शेवयांची टपरी टाकली. उसामिने गल्लीतली जागा मिळवून दिली म्हणे. मग हळूहळू लहान कंपन्या निघायला लागल्या, पंचविशीचा नियम मोडीत निघाला आणि कोणाला तरी नवख्या पोरींना पडायला शिकवणारी बाई हवी झाली. तामाए गेली. शिकवता शिकवता लढायला लागली, आणि लढायची म्हणजे अर्थातच हरायची. गरम झऱ्याच्या धर्मशाळेत, बाजारपेठेच्या मोटारतळावर, एकदा तर मासळीबाजारात लिलाव आटोपल्यावर. ती म्हणाली, तिथे घरच्यासारखं वाटलं, कोणी लांब बस म्हणालं नाही.

आमची कंपनी १९९७ ला बुडाली. साहेबांनी मला शेवटच्या महिन्याच्या पगाराऐवजी घंटा दिली. मी ती घेऊन तामाएच्या टपरीवर गेले. बारा वर्षांनी भेटत होतो. तिने शेवया ठेवल्या पुढ्यात, घंटेकडे पाहिलं.

"वाजवायला आलीस?"

"काम मागायला आले."

"टेबल नीट बघून घेत जा मग," ती म्हणाली. झालं एवढंच बोलणं. तेव्हापासून ती जिथे जिथे लढली तिथे घंटेपाशी मी होते. कुस्ती सुरू करायचा टोला द्यायचा, संपवायचा द्यायचा. तिचा तो राहिलेला एक, त्याचं नावही आम्ही काढलं नाही. नव्या पोरी मात्र चेष्टा करायच्या. "नागुराताई, तुम्ही अजून निरोपातच आहात ना? लांबला की हो कार्यक्रम!" तामाए म्हणायची, "निघतेच आहे गं. चप्पल सापडत नाहीये."

उसामि २००९ मध्ये गेला. त्याच्या मुलीने एक खोकं आणून दिलं. त्यात नळ्या काढून ठेवलेल्या चाळीस निळ्या फिती होत्या. तामाए त्या दिवशी टपरीच्या मागे जाऊन रडली. ती रडताना मी तेवढीच पाहिली. खोकं तिने बंद करून ठेवलं.

२०१९ च्या पावसाळ्याआधी एकदा ती माझ्या घरी आली. तेव्हा ती एकोणसाठ वर्षांची होती. मी मुळ्याचं लोणचं काढलं, चहा केला. ती पेला दोन्ही हातांनी धरत होती. डाव्या हाताची बोटं मिटत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण विचारलं नव्हतं.

"मानेचा मणका," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतो, आणखी एकदा चुकीची पडलीस तर मानेखालचं काही हलणार नाही."

"तू कुठे चुकीची पडतेस?"

"परवा पडले. कोणाला कळलं नाही. मला कळलं." तिने लोणच्याचा तुकडा तोंडात टाकला. "हवेत असताना कुठला खांदा ते कळायचं ना, ते आता कळत नाही. गेलं ते. म्हणजे आता माझं मीच ठरवलं, फुसा. साहेबांनी नाही, त्या ओरडणाऱ्यांनी नाही. आणशील ना घंटा?"

"आणीन."

"देशील ना या वेळी?"

"देईन गं."

ऑक्टोबरात कावागुचीलाच ठेवलं. व्यायामशाळा पाडली होती, म्हणून बाजारपेठेच्या सभागृहात. दोनशे खुर्च्या, दोनशे माणसं. तिने शिकवलेल्या पोरी, त्यातल्या काहींची पोरं. उसामिची मुलगी पहिल्या रांगेत, मांडीवर ते खोकं, तामाएने त्या रात्रीसाठी दिलेलं. तामाए आपल्याच एका विशीतल्या शिष्येशी लढली, दोनदाच पडली, दोन्ही वेळा उजव्या खांद्यावर, अगदी हळू. हरली. ती पोर पैलवान दिसली.

मग ती मधोमध उभी राहिली. सगळे उठले. निवेदक म्हणाला, "चौतीस वर्षांपूर्वी नऊ झाले होते. राहिलेला एक." कोणी ओरडलं नाही. मी टेबल हलवून पाहिलं, घट्ट होतं. दाणा मांडला नव्हता. एकाला कशाला दाणा लागतो? हातोडी उचलली आणि माझा हात तिथेच राहिला.

दुखणं नव्हतं, म्हातारपण नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की हा टोला दिला की ती संपणार, आणि संपवणारी मी. पंचविशीत मला जे जमलं असतं ते साठीत जमत नव्हतं. हॉल वाट बघत होता. कोणीतरी खोकलं. मी हातोडी खाली केली, पुन्हा उचलली. नाहीच.

तामाए दोरांकडे आली. गुडघा धरून, एक दोर खाली दाबून, बाहेर उतरली. पायऱ्या तीनच होत्या, पण तिला वेळ लागला. माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. घामेजलेली, कपाळावर जुन्या खोकेची खूण.

"काय गं," ती म्हणाली, "तुला एकपर्यंतसुद्धा मोजता येत नाही का?"

लोक हसले. मी हसले नाही, माझा चेहरा ओला झाला होता. तिने पट्ट्यात खोचलेली एक छोटी पिशवी काढली आणि त्यातून एक वाळलेला, काळपट सोयाबीनचा दाणा काढून टेबलावर, उजव्या बाजूला ठेवला. मग माझ्या हातातून हातोडी घेतली. बोटं मिटत नव्हती म्हणून दोन्ही हातांनी धरली. आणि तिने स्वतः टोला दिला.

माझा डावा हात सवयीने घंटेकडे गेला. तिने मनगट धरून तो बाजूला ठेवला. घंटा वाजत राहिली, किती वेळ ते मला माहीत नाही, कारण इतकी वर्षं मी तिला कधी पूर्ण वाजू दिलंच नव्हतं. आवाज बारीक होत गेला, आहे की नाही असं वाटायला लागलं, तरी तामाए कान देऊन उभी होती. मग तो आपला आपणच थांबला आणि तिने दाणा डावीकडे सरकवला.